मागे पडणारं घड्याळ

आत्याने गोष्ट पोलिसापर्यंत आणली आणि टेबलाभोवतीचे सगळे हात आपोआप थांबले. गोष्ट घरात प्रत्येकाला पाठ होती, तरी पोलीस आला की घास खाली ठेवायचा, हे न ठरवता ठरलेलं होतं.

"भर चौक," आत्या म्हणाली. "चारही बाजूंनी गाड्या, भोंगे, आरडाओरडा. आणि मधोमध आपली माई, अनवाणी, हातात ती काठी. पाणीखात्याचा साहेब म्हणतोय, बाई, या गोंगाटात जमिनीखालचं पाणी काय ऐकणार तुम्ही? माई त्याच्याशी बोललीच नाही. तिने नुसतं पोलिसाकडे बघितलं. आणि त्या पोलिसाला काय वाटलं देव जाणे, त्याने दोन्ही हात आडवे केले आणि सगळ्यांना इंजिनं बंद करायला लावली. तीन मिनिटं, अख्खा चौक गप्प."

"मागच्या वेळी दोन होती," काका म्हणाले.

"वाढू द्या की," काकू म्हणाली. "माईंचंच वाढतंय, आपल्या खिशातून काय जातंय."

सगळे हसले. आबांना ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हसताहेत म्हणून तेही हसले.

टिटवी मात्र अजून चौकातच उभी होती. नववीत शिकणाऱ्या मुलीने इतक्या वेळा ऐकलेल्या गोष्टीने असं खुळं व्हावं, हे तिचं तिलाच कळायचं नाही. पण प्रत्येक वेळी तिच्या हातांवर काटा यायचा तो यायचाच. डोंगरापलीकडच्या एका वस्तीवरून आलेली, लग्नाआधी नळ म्हणजे काय हे न बघितलेली बाई, आणि तिच्यासाठी शहर श्वास रोखून उभं राहतं. टिटवीसाठी शाळेतली शेवटच्या बाकावरची चार मुलंसुद्धा गप्प बसत नसत.

टिटवीच्या आजीला, माईला, जाऊन आज वर्ष झालं होतं. सगळ्यांनी मिळून जेवायचं आणि तिच्या गोष्टी सांगायच्या, एवढंच ठरलं होतं. त्यामुळे चौकामागोमाग शाळेसमोरच्या रस्त्याची गोष्ट आली. आबा तेव्हा पाणीखात्यात नवे फिटर. जमिनीखाली कुठेतरी नळ फुटलेला, चार दिवस खोदूनही गळती सापडेना, रस्त्याची पार चाळण झालेली. माई डबा घेऊन आली, जरा वेळ उभी राहिली, मग पडलेल्या फावड्याचा दांडा उचलून तिने एक टोक रस्त्यावर टेकवलं आणि दुसरं कानाला लावलं. पंधरा पावलं गेली. विटेच्या तुकड्याने एक गोल काढला आणि आबांना म्हणाली, इथे खोदा, आणि आधी जेवून घ्या. मुकादम हसला होता. हातभर खोदल्यावर पाणी त्याच्या तोंडावर उडालं. त्यानंतर सव्वीस वर्षं शहरात कुठेही गळती झाली की 'फिटरच्या बायकोला बोलवा' असा निरोप यायचा. खात्याच्या कागदांवर ती कायम 'मदतनीस' राहिली. कोणाची मदतनीस, ते कोणी लिहिलं नाही.

"मेंढरं राखायची ना लहानपणी," आबा म्हणाले. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ते सगळ्यांशीच पलीकडच्या डोंगरावर असल्यासारखं बोलायचे. रस्ते फोडायच्या यंत्रांनी त्यांचे कान चाळीस वर्षांत चाटून पुसून साफ केले होते. "उन्हाळ्यात मेंढरांना पाणी कुठे शोधायचं? काठी टेकवून ऐकायचं. तिला वाटायचं, सगळ्यांनाच येतं."

मग त्यांनी भांडं पाण्याने भरून घेतलं, एक घोट प्यायले आणि म्हणाले, "घरात पाणी चाललंय कुठेतरी. महिना झाला सांगतोय."

काकांनी हात पुसले, आणि टिटवीला कळलं की आता गोष्टी संपल्या.

काका विमा कंपनीत होते. जळालेली दुकानं आणि चेपलेल्या मोटारी तपासून तपासून त्यांना धड वस्तूतही पुढचा अपघात दिसायचा. आबांच्या बाबतीत तर दिसायला कारणंही होती. दोनदा गॅस चालू राहिला होता. एकदा आबा दोन गल्ल्या सोडून भलत्याच दाराला किल्ली लावत बसले होते. त्यात आता हे पाणी. काकांनी शांतपणे सांगितलं की आपल्याकडची एक खोली रिकामी केली आहे, पलंग आणला आहे, आबांनी त्यांच्याकडे राहायला यावं आणि या घराला कुलूप लावावं. आजच.

"मी कुठे जात नाही," आबा म्हणाले.

"आबा," काका त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले, "तुम्हाला दाराची घंटा ऐकू येत नाही. फरशीखालचं पाणी कसं ऐकू येतं?"

"ऐकू येतं असं कधी म्हणालो? मोजलं म्हणालो. ही बादली नव्वद आकड्यांत भरायची. आता एकशे तीस लागतात."

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरात कुंपणावर बसायचे. त्यांनी आधी सांगितलं की मोजण्याची पद्धत बरोबर आहे, मग सांगितलं की मोजणाऱ्याचा वेग वयानुसार बदलू शकतो, आणि शेवटी सांगितलं की सगळ्या भागातच पाण्याचा जोर कमी झाला असेल. मीटर बघावा तर त्याची काच कधीच आंधळी झाली होती.

"म्हणजे तुझं म्हणणं काय?" आत्याने विचारलं.

"म्हणणं असं नाही."

"तुझं म्हणणं असं नाही म्हणतच तुझं लग्नसुद्धा माईने ठरवलं."

आत्या नर्स होती आणि पहिल्यापासून आबांच्या बाजूची. ती म्हणाली, दादा, तुझ्या तिसऱ्या मजल्यावर आबा करणार काय, लिफ्टची बटणं मोजणार? काका म्हणाले, गॅस तू येऊन बंद करणार आहेस का रोज? आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि गॅसच्या विचाराने तिचीही झोप उडत होती. टिटवीने मध्ये तोंड घातलं की मी येईन रोज शाळा सुटल्यावर. तिला तिघांनीही एकदमच गप्प केलं. एवढ्या एका बाबतीत भावंडांचं एकमत होतं.

शेवटी आबांनीच टेबलावर हात आपटला. "खोदा. पाणी निघालं तर हा विषय परत काढायचा नाही. नाही निघालं तर येतो तुझ्याकडे, संध्याकाळच्या आत."

"कुठे खोदायचं?"

"मोरीखाली. तिथला सांधा नंतरच्या माणसाने केलाय."

"आणि बाहेरचा?" बाबांनी विचारलं. "मागच्या दारातला, रस्त्यावरून येणाऱ्या नळाचा?"

आबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की बाबांनी लहानपणी खाल्लेली सगळी बोलणी एकदम आठवल्यासारखा चेहरा केला. "तो मी केलाय," आबा म्हणाले. "माझा सांधा गळत नाही."

हे वाक्य या घरात मिठासारखं होतं, रोजच्या जेवणात असायचंच.

काका आणि बाबा पहार घेऊन मोरीपाशी बसले. टिटवी घमेल्यातून माती बाहेर नेत होती. प्रत्येक घमेल्यात ती बोटं घालून बघायची, ओल लागते का. एक फरशी निघाली, दुसरी निघाली, विटा निघाल्या. हातभर खाली नळ दिसला. काकांनी त्याच्यावरून रुमाल फिरवला आणि आबांपुढे धरला.

रुमाल कोरडा होता. नुसता कोरडा नाही, धुळीने पांढरा.

आबांनी तो घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला, घडी केली आणि काकांच्या खिशात परत ठेवला. मग म्हणाले, "सूनबाई, माझे स्वेटर वरच्या फळीवर आहेत." आवाज चक्क खाली आला होता. त्यांना इतक्या हळू बोलता येतं हे टिटवीला माहीत नव्हतं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

काकांनाही आवडलं नसावं. जिंकल्यावर माणूस जसा दिसतो तसे ते दिसत नव्हते. ते उगाचच माती परत खड्ड्यात लोटत राहिले.

आतल्या खोलीत काकू स्वेटरांच्या घड्या घालत होती. घातलेली घडी मोडून परत घालत होती, म्हणजे तिचंही मन त्यात नव्हतं. आत्या बॅग धरून बसली होती. बाहेरच्या घड्याळाचे दोन टोल पडले. आत्याने सवयीने मनात दहा-पंधरा मिनिटं मिळवली, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि चमकली.

"वहिनी, हे बरोबर दोन?"

"दोनच."

"या घड्याळात?" आत्याने दारातून बाहेर भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे ते जुनं लंबकाचं घड्याळ होतं, ज्यामुळे घरातली तिन्ही मुलं शाळेत उशिरा पोचली होती आणि काकांनी तर वर्गाबाहेर उभं राहण्याचा विक्रम केला होता. कधी दहा मिनिटं मागे, कधी अर्धा तास. घड्याळजीने तीन वेळा उघडून बघितलं होतं आणि तीनदा सांगितलं होतं, यंत्रात दोष नाही, घरात आहे. "हे तर जन्मात कधी बरोबर चाललं नाही. दुरुस्त केलं का आबांनी?"

काकू म्हणाली, कोणी हात लावला नाही. मी येते तेव्हा बघते, वर्षभर बरोबरच चालतंय.

वर्षभर.

दारात रिकामं घमेलं घेऊन उभ्या असलेल्या टिटवीच्या डोक्यात काहीतरी टक्कन वाजलं. तिला माईची काठी दिसली, आणि काठीच्या आधीचं सगळं दिसलं, जे इतर कोणी कधी बघायचंच नाही. कारण इतरांना गोष्टीतला पोलीस आवडायचा आणि तिला माई आवडायची. माई आधी चपला काढायची. मग बांगड्या. मग नळ बंद, पंखा बंद. आणि घरात असेल तर शेवटी घड्याळाचा लंबक बोटाने धरून थांबवायची, कारण भिंतीतून त्याची टिकटिक खाली नळात उतरते आणि ऐकू देत नाही. टिटवी पाच वर्षांची असताना माईने तिला एकदा कडेवर घेऊन तो लंबक धरू दिला होता. मग परत चालू केला होता, काटे न हलवता. माईला घड्याळ लावता यायचं नाही. ते काम आबांचं, आणि आबा ते आठवलं की करायचे.

म्हणजे घड्याळ मागे पडायचं, ते माई थांबवायची म्हणून. आणि थांबवायची, ती ऐकायला. खात्याचं काम सुटून वीस वर्षं झाली तरी, अगदी गेल्या वर्षापर्यंत. माई या घरात काहीतरी ऐकत होती.

टिटवीने घमेलं तिथेच टाकलं. ते खणखणत लांबपर्यंत गेलं. आत्या ओरडली, कोण गं ते. पण टिटवी तोपर्यंत दारामागे पोचली होती. काठी तिथेच होती, छातीपर्यंत उंच, वरचं टोक वाटीसारखं पसरट आणि माईच्या कानाने गुळगुळीत झालेलं.

"काका, बॅग थांबवा," ती म्हणाली. "मला ऐकायचंय."

"टिटवे, हा खेळ नाही."

"मग गप्प बसा," टिटवी म्हणाली, आणि काय बोललो हे कळून तिच्या कानशिलांना आग लागली. पण तिने शब्द परत घेतला नाही.

काका काही बोलायच्या आतच काकू उठली आणि तिने फ्रिजचा खटका बंद केला. पंखा बंद केला. हातातल्या बांगड्या काढून स्वेटरांवर ठेवल्या आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "एवढं थांबलात, अजून दहा मिनिटं थांबा." बाबांनी मुकाट्याने जाऊन सगळे नळ घट्ट केले. बाबा कुंपणावरून उतरल्याचं टिटवीने पहिल्यांदाच बघितलं. तिने खुर्ची ओढली, घड्याळाचं दार उघडलं आणि लंबक बोटात धरला.

घर थांबलं.

टिटवीचं नाव माईनेच ठेवलं होतं. माळावरचा एक पक्षी, दिवसरात्र ओरडणारा. या घरातल्या सगळ्या शांततांमध्ये 'शू' तिच्यासाठीच म्हटलं गेलं होतं. आता पाच मोठी माणसं श्वास धरून उभी होती आणि ती तिच्यासाठी गप्प होती. चौक असाच झाला असणार, तिला वाटलं. पायाखाली फरशी गार होती. तिने काठी मोरीपाशी टेकवली, डोळे मिटले. आधी तिला स्वतःचंच रक्त ऐकू आलं, धप धप, मोठं. माई म्हणायची, ते आपलं आहे, त्याला जाऊ द्यायचं. तिने जाऊ दिलं. त्याच्या मागे काही नव्हतं.

टेबलाखाली काही नव्हतं. भिंतीपाशी काही नव्हतं. मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी काठीत काहीतरी हललं आणि गेलं. तिने दोन पावलं पुढे टाकली. काठी टेकवली. चालणारं पाणी रांगेत चालतं, माईने सांगितलं होतं, शाळेतल्या मुलांसारखं. गळणारं पाणी चुगली करतं. मागच्या दाराशी ती पोचली, बाहेरच्या सैल दगडी फरशीवर तिने काठी टेकवली, आणि तिच्या कानात कोणीतरी स्स्स करून बोलायला लागलं. बारीक, न थांबता, अगदी जवळ. इतकं जिवंत, की तिने दचकून काठी सोडली आणि परत धरली. जमिनीच्या आत एवढं बोलणं चालू असतं, आणि आपण वरून चपला घालून चालतो.

"इथे," ती म्हणाली. तिने खाली पडलेला विटेचा तुकडा घेतला आणि गोल काढला.

सगळ्यांनी गोलाकडे बघितलं, मग आबांकडे. तो सांधा आबांचा होता.

आबा पुढे आले. काय चाललंय ते त्यांनी ऐकलं नव्हतं, पण गोल बघितला होता. असा गोल त्यांनी सव्वीस वर्षं बघितला होता आणि कधीही त्याच्याशी वाद घातला नव्हता. "खोदा," ते म्हणाले.

खोदावं फारसं लागलंच नाही. दगड पहारेला हलका आला, इतक्या वेळा उचललेला होता. खालची माती चिखल झाली होती. काकांनी हातांनीच चिखल बाजूला केला, आणि त्यांचे हात थांबले.

नळाच्या सांध्यावर मनगटाएवढी जाड पट्टी होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, एकावर एक, सुतळीने आवळलेले. वरचा तुकडा अजून धड होता, पण सुतळी कुजून सुटली होती आणि तिथून पाणी फुटत होतं. त्याखाली जुना तुकडा, त्याखाली आणखी जुना, चिरलेला, दगडासारखा झालेला. काकांनी एक एक सोडवला. शेवटी अगदी आत, सांध्याला चिकटलेली एक निळ्या लुगड्याची चिंधी होती.

"गाठ बघू," आबा म्हणाले, आणि गुडघ्यांवर बसले. त्यांनी सुतळीचं टोक बोटात फिरवलं. "मेंढरू बांधायची गाठ. एका हाताने सुटते. दुसऱ्या कोणाला येत नाही ही."

पाणी बोलत होतं, आता सगळ्यांना ऐकू येईल असं. आबांनी चिंधी काढली, नखाने सांध्याच्या आट्यांवरचा गंज खरवडला आणि आटे चाचपले.

"धागा नाही," ते म्हणाले. "आट्यांवर धागा गुंडाळायचा असतो, सफेदा लावून, नाहीतर पाणी झिरपतं. मी गुंडाळलाच नाही. दुसऱ्या दिवशी ती यायची होती. दोन टेकड्या उतरून पाणी आणणारी मुलगी, तिला आल्या आल्या घरात नळ दिसायला हवा होता मला. घाई केली. आल्यावर चार दिवसांनी म्हणाली होती, दारात पाणी बोलतंय. मी म्हणालो, शहरातलं पाणी असंच असतं, तुला सवय नाही. हसलो होतो मी तिला. परत कधी बोलली नाही."

"पण नंतर तरी सांगायचं," आत्या म्हणाली. "अख्खं शहर तिचं ऐकत होतं."

"सांगणार कोणाला?" काकू म्हणाली. "माझा सांधा गळत नाही म्हणून रोज जेवताना सांगणाऱ्या माणसाला?"

आबांना हे बरोबर ऐकू आलं. त्यांचे खांदे हलायला लागले आणि टिटवी घाबरली. पण ते हसत होते, डोळे वाहत होते आणि हसत होते. "दर दोन-तीन महिन्यांनी मला बाजारात पाठवायची," ते म्हणाले. "सुतळी आणा. मी आणायचो. एवढ्या सुतळीचं करते काय, बावन्न वर्षांत विचारलं नाही."

टिटवीच्या डोळ्यांसमोर माई आली, पण चौकातली नाही. मागच्या दारात उकिडवी बसलेली, घरात घड्याळ थांबलेलं, आबा बाजारात, आणि ती शहरातल्या सगळ्यात चांगल्या फिटरचा सांधा आवळून बांधतेय, तो सगळ्यात चांगला राहावा म्हणून. त्या चौकाला निदान पोलीस साक्षीला होता. टिटवीला इतकं मोठं काही आजवर कोणी सांगितलं नव्हतं. गंमत म्हणजे, ते सांगायला तिच्याजवळ एकही शब्द नव्हता.

आबांनी डोळे पुसले आणि हुकूम सोडले. रस्त्याकडची चावी बंद. पाना, धागा, सफेद्याचा डबा, पलंगाखालच्या पेटीतून. बाबांनी आणलं. आबांनी धागा आट्यांवर चढवला, एक वेढा, दुसरा वेढा, घाई न करता. पाना फिरवायला ताकद पुरेना, तेव्हा काकांनी त्यांच्या हातांवर हात ठेवला आणि दोघांनी मिळून फिरवला. चावी उघडली.

"टिटवे," आबा म्हणाले, "बघ बरं."

परत सगळे गप्प झाले. तिने काठी टेकवली. बराच वेळ ऐकलं, लागेल त्याहून जास्तच, कारण काठीला अजून कानाची ऊब होती आणि ती कोणाची हे तिला ठरवायचं नव्हतं.

"रांगेत चाललंय," ती म्हणाली.

आबांनी चिंधी पिळली आणि खिशात ठेवली. काका चिखलाच्या हातांनी आत गेले. त्यांच्या मागोमाग टिटवी गेली, तर ते बॅगेतून स्वेटर काढून वरच्या फळीवर ठेवत होते, वाकडेतिकडे, घडी मोडून. तिला बघून ते म्हणाले की गॅससाठी आपोआप बंद होणारी चावी मिळते, उद्या बसवून घेतो. आणि ती रोज शाळा सुटल्यावर येणार होती ना, की ते नुसतं बोलणं होतं?

"येणार," टिटवी म्हणाली. एवढंच म्हणाली. काकांनी चमकून तिच्याकडे बघितलं.

मग ते भिंतीपाशी गेले. घड्याळ तासाभरापूर्वीचे दोन वाजवून थांबलं होतं. काकांनी सवयीने मोठा काटा धरला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि आयुष्यभर वर्गाबाहेर उभं राहिलेला तो माणूस तसाच थोडा वेळ थांबला.

त्यांनी काटा सोडून दिला. लंबकाला बोटाने हलकेच ढकललं, आणि घड्याळ होतं तिथून पुढे चालायला लागलं.